सोलापूरहून सात, वैरागहून एक

दर रविवारी सकाळी मी आत्याकडे जाते, आणि जाताना पर्समध्ये यादी असते. त्या रविवारच्या यादीत पाच कामं होती. रक्तदाबाच्या गोळ्या, बाथरूमच्या गळक्या नळाचा वायसर, फोनमधले नकोसे फोटो पुसणं, चष्म्याच्या दुकानात फोन करणं आणि वंशावळीतला आत्याचा चौकोन पूर्ण करणं. पाचवं काम दोन मिनिटांचं, म्हणून शेवटी ठेवलं होतं.

मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात अधीक्षक आहे. प्रवेशाच्या याद्या, परीक्षेच्या बैठकव्यवस्थेच्या याद्या, निकालाच्या याद्या, यातच दिवस जातो. घरीही तेच. फ्रीजवर यादी, देवघराशेजारी यादी, प्रवासाला निघताना बॅगेच्या झाकणावर चिकटवलेली यादी. माझा नवरा म्हणतो, "हिला स्वर्गात धाडलं तर आधी तिथली हजेरी घेईल." घेईनही. कोण आलं, कोण राहिलं, हे कुणीतरी बघायलाच हवं.

वंशावळीचा उद्योग मात्र माझा नव्हता. काकांचा मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. त्यानं फोनवर एक ॲप शोधलं. त्यात घराण्यातल्या प्रत्येक माणसाला एक चौकोन. नाव, गाव, जोडीदार, मुलं एवढं भरलं की चौकोनाची कड हिरवी होते. काही राहिलं तर लाल. त्यानं उत्साहानं सुरुवात केली आणि पंधरा दिवसांत कंटाळून सगळं माझ्या गळ्यात घातलं. त्रेचाळीस माणसं होती. मी बेचाळीस हिरवी केली. कुणाची पणजी कुठली, कुणाची सून कोणत्या गावची, फोन करकरून विचारलं. राहिली आत्या.

आत्याच्या चौकोनात जोडीदाराचा रकाना रिकामा होता. तिचं लग्न झालं होतं, वैरागला. पण ते दीड वर्ष टिकलं, मग मोडलं, मग एकदा जोडायचा प्रयत्न झाला आणि चार महिन्यांत पुन्हा मोडलं. त्याला आता चाळीस वर्षं झाली. कागदोपत्री काही झालं नाही. आतोबा वैरागलाच राहिले आणि काही वर्षांपूर्वी वारले. आमच्या घरात त्यांचा विषय निघत नाही.

चुलतभावानं फोनवर सुचवलं होतं, "ताई, तिथं 'अविवाहित' टाकून दे ना. चौकोन हिरवा होईल. आत्याला कशाला विचारतेस उगाच?"

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. पण खोटी नोंद माझ्या हातून होत नाही. म्हणून विचारायचं ठरवलं.

आत्या आता सहासष्ट वर्षांची आहे. मंद्रूपच्या शाळेत तिनं सत्तावीस वर्षं शिकवलं, रोज एस.टी.नं जाऊन-येऊन. त्या नोकरीवर तिनं जुळे सोलापूरच्या वसाहतीत दोन खोल्या आणि गच्ची एवढं घर बांधलं. फोन ती माझ्यापेक्षा बरा वापरते. फुलांचे फोटो आणि सुप्रभात ती कुणाला पाठवत नाही, आणि कुणी पाठवले तर त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढून परत पाठवते. त्यामुळे तिला येणारे फोटो आपोआप कमी झाले आहेत. रिकाम्या वेळात जुनी गाणी ऐकते. तेही अर्धवटच.

"हवं ते गाणं हवं तेव्हा लागतं," ती म्हणाली, "म्हणून एकही धड पुरं ऐकवत नाही बघ. दुसरं खुणावतं."

मी नळाचा वायसर बदलत होते, म्हणून बाथरूममधूनच म्हटलं, "पूर्वी आठवडाभर थांबायचो."

"आठवडाभर थांबून आपल्याला नको असलेलं गाणं लागायचं. आणि तरी पूर्ण ऐकायचो."

चारही कामं झाली. आत्यानं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही पुढं ठेवलं. मी फोन काढला, ॲप उघडलं आणि शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "आत्या, तुझा एवढा एक चौकोन लाल राहिलाय. जोडीदाराच्या जागी काय करू? रिकामं सोडू?"

"रिकामं का? घाल की त्यांचं नाव."

मी तिच्याकडे बघतच राहिले.

"अशी काय बघतेस? लग्न झालं होतं माझं. तू माझ्या मांडवात फ्रॉक घालून नाचली होतीस."

"तसं नाही. मला वाटलं, तुला आवडणार नाही."

आत्यानं भाकरीचा तुकडा मोडला. चटणीत बुडवला, पण खाल्ला नाही. "माणूस सगळाच वाईट नव्हता गं. तापट होता, आठ-आठ दिवस बोलायचा नाही, ताट भिरकवायचा, सगळं खरं. पण एकदा त्यांनी माझ्यासाठी रेडिओवर नाव घातलं होतं. माझं, आणि तुम्हा सगळ्यांचंसुद्धा. तू लहान होतीस, तुला काय आठवणार."

मला आठवत होतं. ते पत्र मी लिहिलं होतं.

तेव्हा आम्ही शहराच्या जुन्या भागात एका गल्लीत राहत होतो. आजूबाजूला तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबं. त्यांच्या मागांची खटखट सकाळपासून चालू असायची आणि दुपारच्या जेवणाला थांबायची. ती थांबली की गल्लीतल्या घराघरांतला रेडिओ ऐकू यायचा. त्याच वेळेला आठवड्यातून एकदा फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम लागे. श्रोत्यांनी पोस्टकार्डावर गाणं आणि आपली नावं कळवायची, आणि निवेदिकेनं गाण्याआधी ती वाचायची. गाव आणि मग नावं, गाव आणि मग नावं. गाणं कोणतं याच्याशी आमच्यापैकी कुणालाच फारसं देणंघेणं नव्हतं. आपलं नाव हवेतून येतं का, एवढंच. शेजारच्या घरातल्या एका मुलीचं नाव एकदा आलं, तर तिला महिनाभर लंगडीत कुणी बाद करत नव्हतं.

मी दहा वर्षांची होते. चार पत्रं टाकली, एकही वाचलं गेलं नाही. तेव्हा मी एका वहीत नोंदी ठेवायला लागले. तीन महिने प्रत्येक कार्यक्रमात कोणती गावं वाचली, किती नावं वाचली, सगळं लिहिलं. त्यातून माझा निष्कर्ष असा निघाला, की ज्या पत्रात एकापेक्षा जास्त गावं असतात ते हमखास वाचतात. आज कळतं की ढिगातून हाताला येईल ते पत्र उचलत असणार. पण तेव्हा माझा माझ्या वहीवर पूर्ण विश्वास होता.

आम्ही घरात आठ माणसं. आजी, अप्पा, आई, लग्न न झालेले काका, मी आणि माझे दोन धाकटे भाऊ, त्यातला लहान आठ महिन्यांचा. आणि आत्या. ती वर्षभरापूर्वी एक ट्रंक घेऊन वैरागहून परत आली होती आणि डी.एड. करत होती. शेवटच्या परीक्षेला दोन महिने राहिले होते. मला दुसरं गाव हवं होतं. आठ जणांमध्ये दुसऱ्या गावाशी संबंध असलेली एकटी तीच. लग्नपत्रिकेत तिचं सासरचं नाव छापलेलं मी पाहिलं होतं. मी अप्पांच्या खणातून न विचारता एक पोस्टकार्ड घेतलं आणि वयाच्या क्रमानं नावं लिहिली. सोलापूरहून सात. खाली, वैरागहून एक.

तिसऱ्या आठवड्यात ते वाचलं गेलं.

आम्ही सगळे स्वयंपाकघरात होतो. निवेदिकेनं "सोलापूरहून" म्हटलं आणि आजीचं नाव घेतलं. आजीचा घास हातातच राहिला. मग अप्पांचं, आईचं, काकांचं. मी उठून उभी राहिले. मी पाठवलं, मी पाठवलं, असं ओरडायचं मी तीन आठवडे ठरवून ठेवलं होतं. माझं नाव आलं, भावांची आली. आणि मग "वैरागहून" म्हणून आत्याचं नाव आलं, सासरच्या आडनावासकट.

आत्या भाकरी थापत होती. तिचे हात परातीत थांबले. आईनं अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी रेडिओकडे पाहिलं, जणू तो आणखी काही सांगणार आहे. गाणं सुरू झालं. खिडकीतून शेजारच्या काकूंची हाक आली, "वैनी, तुमचं सगळ्यांचं नाव आलं की हो! जावयानं घातलं काय?"

माझं तोंड उघडलेलं होतं ते मी मिटलं. काहीतरी चुकलं आहे एवढं कळलं. काय, ते कळलं नाही.

आज असं झालं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. कुणीतरी रेकॉर्ड केलं असतं, कुणीतरी पत्राचा फोटो मागवला असता, ग्रुपवर शंभर जणांनी विचारलं असतं की हे कुणी पाठवलं. तेव्हा नाव एकदा हवेतून यायचं आणि जायचं. परत ऐकायची सोय नव्हती. ज्याला जे वाटलं ते त्याच्यापाशी राहिलं.

त्याच आठवड्यात गुरुवारी आतोबा आणि त्यांचे थोरले चुलते आमच्या दारात उभे राहिले. चुलत्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी पाण्याचे तांबे नेऊन दिले.

"रेडिओत नाव आलं म्हणल्यावर आमी म्हणलं, आता मागचं उकरत बसायचं न्हाय," ते अप्पांना म्हणाले. "तुमी मोठं मन केलंसा. पोरीला न्यायला आलोय."

अप्पा म्हणाले, "मोठं मन तुमचं."

दोन्हीकडचे लोक एकमेकांचे आभार मानत होते. पत्र कुणी टाकलं, हे कुणीही विचारलं नाही. समोरच्यानं पाऊल उचललंय, ते पाऊल कुठून आलं याची चौकशी करणं शोभलं नसतं. आतोबा खाली बघत बसले होते. त्यांनी नवा सदरा घातला होता, त्याची घडी मोडलेली नव्हती.

अप्पांनी आत वळून विचारलं, "परीक्षेचं काय?"

आत्या म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू."

मी दाराआड उभी होते. फक्त एक वाक्य बोलायचं होतं. पण त्या वाक्यात न विचारता घेतलेलं पोस्टकार्ड होतं आणि अप्पांचा हात जड होता. मी गप्प बसले. संध्याकाळच्या एस.टी.नं आत्या गेली. दिवाळी झाल्यावर एकटीच परत आली, तीच ट्रंक घेऊन. परीक्षा तिनं पुढच्या वर्षी दिली. माझ्यामुळे तिचं एक वर्ष गेलं, हे मी मोठी झाल्यावर मनातल्या मनात कबूल केलं होतं. तिला कधीतरी सांगायचं, हेही अनेक वर्षं ठरवलं होतं. पण ते कधी कुठल्या यादीत लिहिलं नाही, म्हणून झालं नाही.

आणि आता आत्या समोर बसून सांगत होती, "तुमच्या धाकट्याचं बारसं मी इकडे आल्यावर झालं होतं. त्यांना नाव कसं कळलं, याचा मी किती विचार केला असेल. म्हणजे कुणाकडून तरी चौकशी करत होते. आजीपासून सगळ्यांची नावं, वयाप्रमाणं, एकही न चुकता. ज्या माणसाला घरात कोण जेवलं कोण नाही याचा पत्ता नसायचा, त्यानं एवढं केलं. म्हणून गेले मी. अप्पांनी नव्हतं पाठवलं मला. मीच गेले."

"त्यांना विचारलं नाहीस कधी?"

"काय विचारायचं? विचारलं की त्यातली गोडी जाते. तेही कधी बोलले नाहीत. मला वाटलं, लाजत असतील." ती थोडं हसली. "संसार काही झाला नाही. पण एवढं एक होतं. घाल नाव."

माझं बोट फोनवर होतं. नाव टाइप करायला दहा सेकंदं लागली असती, चौकोन हिरवा झाला असता. न सांगण्यासाठी चांगली कारणं होती. तिला सहासष्टाव्या वर्षी हे कळून काय मिळणार? उलट जे एक होतं तेही जाणार. सांगण्यासाठी एकच कारण होतं. ती त्यांचं नाव ज्या पत्राच्या भरवशावर लिहायला सांगत होती, ते माझं होतं. हे माहीत असताना मी ते लिहिलं तर दहाव्या वर्षी गप्प बसले तशीच पन्नासाव्या वर्षी बसणार. आणि आता हात उगारायला अप्पाही नव्हते.

"आत्या, ते पत्र मी टाकलं होतं."

तिला आधी कळलंच नाही. मग मी वहीपासून सगळं सांगितलं. दुसरं गाव का हवं होतं, तेही.

आत्यानं हातातला तुकडा ताटात ठेवला.

"मग त्या दिवशी का नाही बोललीस?"

"अप्पांनी मारलं असतं."

"मारलं असतं तर दोन दिवस दुखलं असतं. माझी परीक्षा गेली."

"हो."

"हो काय, हो?" तिचा आवाज चढला नाही. तिनं माझं ताट उचललं, त्यात अर्धी भाकरी होती, आणि आत नेलं. "जा आता. ऊन वाढेल."

चहा न देता आत्यानं मला वाटेला लावण्याची ती पहिली वेळ. गाडीवर बसले तेव्हा सीट तापून चटका बसला. घरी येऊन यादीतल्या चार कामांवर खूण केली. पाचव्यापुढं काय करावं ते सुचेना.

आठवडाभर तिचा फोन नाही. एरवी दिवसाआड असतो. मी बुधवारी केला, उचलला नाही. चुलतभावाचा मात्र आला, "ताई, आत्याचा चौकोन अजून लालच आहे." मी त्याला म्हटलं, तुझं काम बघ. तो म्हणाला, "बरं बरं, चिडतेस कशाला?" मला आत्या नाराज असल्याचं दुःख होतंच. पण जास्त टोचत होतं ते वेगळं. चाळीस वर्षं तिच्यापाशी असलेली गोष्ट मी काढून घेतली होती आणि तिच्या बदल्यात ठेवायला माझ्यापाशी काही नव्हतं.

पुढच्या रविवारी जावं की नाही, याचा निर्णय होईना. गेल्या वेळी मात्र गोळ्यांची एकच पट्टी नेली होती, ती संपत आली असणार हे माहीत होतं. गेले. यादी नव्हती, फक्त गोळ्या.

आत्यानं दार उघडलं, गोळ्या घेतल्या, तारीख तपासली. "बस."

मी बसले.

"मी सगळं परत मांडून बघितलं," ती म्हणाली. फळ्यावरचं गणित सोडवताना बोलायची त्या आवाजात. "पत्र त्यांनी टाकलं नाही. ठीक. म्हणजे त्यांना वाटलं मी टाकलं. मी बोलावलंय असं वाटून ते आले. गुरुवारी. बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवून. बरोबर?"

"बरोबर."

"पहिले दोन महिने लई बरे वागले. मला वाटायचं, त्यांनी बोलावलंय म्हणून वागतायत. त्यांना वाटत असेल, ही आपण होऊन आली. मग मी एकदा भांडणात म्हटलं, तुम्ही बोलावलंत म्हणून आले, नाहीतर आले नसते. तेव्हा ते माझ्याकडे असे बघत राहिले... मला वाटलं, उर्मटपणा करतायत. त्यानंतर सगळं बिघडलं." ती थांबली. "त्यांना त्या दिवशी कळलं असणार. की मी बोलावलं नव्हतं. आणि तेही बोलले नाहीत."

माफी मागायला आले होते, ती मागितली. तिनं हातानंच ती बाजूला केली, माशी हाकलावी तशी.

"माफीचं नंतर. आधी हे ऐक. बोलावलंय असं कळल्यावर नवा सदरा घालून येणारा माणूस होता तो. एवढं तर तू लिहिलेलं नव्हतंस ना?"

"नाही."

"मग ते माझं. ते कुणी काढून घ्यायचं नाही." तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "काढ फोन. नाव घाल."

मी नाव घातलं. तिनं कधी उच्चारलं नाही ते नाव तिच्यासमोर टाइप करताना मलाच अवघडल्यासारखं झालं. तिनं वाकून काना-मात्रा तपासल्या. चौकोन हिरवा झाला.

"आता त्यात शेरा लिहायला जागा असते का?"

असते. प्रत्येक चौकोनाखाली एक रकाना असतो, कुटुंबातल्या सगळ्यांना तो दिसतो. बहुतेकांनी तिथं पदव्या लिहिल्या आहेत.

"लिही," आत्या म्हणाली आणि सावकाश सांगायला लागली, तिसरीच्या वर्गाला सांगावं तसं, प्रत्येक वाक्यानंतर थांबून. "रेडिओवरचं पत्र भाचीनं लिहिलं होतं. पूर्णविराम. कुणीच कुणाला बोलावलं नव्हतं. पूर्णविराम. तरी ते आले आणि मी गेले. पूर्णविराम. माझी परीक्षा एक वर्ष पुढं गेली."

"हे सगळे वाचतील, आत्या. त्रेचाळीस जण."

"वाचू देत की. चाळीस वर्षं तू गप्प होतीस, ते गप्प होते, मीही गप्प होते. आता कशाला?"

मी लिहिलं. तिनं फोन हातात घेऊन, लांब धरून, पुन्हा एकदा वाचलं. एका ठिकाणी अनुस्वार राहिला होता, तो घालायला लावला. मग फोन माझ्याकडे परत दिला.

"खाली तुझं नाव घाल," ती म्हणाली. "नुसतं भाची नको. भाच्या तीन आहेत मला."